चार सिलेंडरची मारुती आणि बोरखेडीचा चढ

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते रेडिएटरची नळी बसवायचं. नळी नवी होती, ताठ, तोंडावर चढत नव्हती. प्रयाग लिंबाखाली डाळ निवडत बसली होती, गाडीच्याच मागच्या सीटावर. ते सीट मी काढून खाली ठेवलं होतं आणि दोन वर्षांत ती तिची बसायची जागा होऊन गेली होती. मी म्हणलं, इकडं ये, दाब. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन कढत पाणी आणलं, नळीचं तोंड त्यात बुडवलं आणि पदरानं धरून दोन्ही हातांनी दाबलं. बसली की नळी. मी क्लिप आवळली.

"झालं?" ती म्हणली.

"झालं."

मग ती भाकरी टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळत घातलेली हळद फिरवायला गेली, तिथं बसली, ती उठली न्हाई. फाल्गुन होता. लोक विचारतात, शेवटी काय बोलली? नळीबद्दल बोलली, दुसरं काय.

मी वसमतचा. चौथी शिकलो. चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि मोटरपंप उघडले. आमाला लेकरूबाळ झालं न्हाई. आमच्या भागातलं कोणी प्रवासाचं लिहितं तर ते काशीचं न्हाई तर रामेश्वराचं. माझा प्रवास जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झाला. वसमतहून बोरखेडी, म्हंजे सेनगावच्याबी पुढं, प्रयागचं माहेर. यष्टीनं सकाळी निघालेला माणूस तिथं दुपारचं जेवण जेवतो. मला तीन दिवस लागले. काहून लागले ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागंल.

गाडी

दोन हजार एक साली नांदेडात एका डॉक्टरच्या अंगणात मला ती दिसली. मारुती आठशे, अगदी पहिल्या वर्षांतली, चौकोनी तोंडाची, लाल. ताडपत्रीखाली उभी होती आणि मागच्या सीटावर कोंबडी अंड्यावर बसली होती. डॉक्टरच्या पोरानं जवानीत ती लई पळवलेली. मी प्रयागला दाखवायला नेलं. तिनं कोंबडी उठवली, बूड टेकलं आणि म्हणली, घ्या. ट्रॅक्टरला बांधून आणली.

तळाचा पत्रा सगळा सडला होता. मी तेलाच्या टाकीचा पत्रा कापून जोडला. घासकाम प्रयागनं केलं. बादलीत पाणी घेऊन पॉलिश पेपरनं तिनं सबंध बॉनेट, दोन दारं आणि डिकी घासली, बोटं सोलून निघाली. मी म्हणायचो राहू दे, ती म्हणायची, भांडी घासली तर कोण बघतं? हे सगळं गाव बघंल. वरसाच्या आत गाडी चालू झाली. तीन सिलेंडरचं मूळचंच इंजिन, शिलाई मशीनसारखं वाजायचं. आमी दोघं गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आलो. तेवढंच.

मग श्रावण आला आणि किसन मूळ घेऊन आला.

ज्यांच्याकडं ही चाल न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीला लेक माहेरी जाते, पण आपल्या पायानं उठून जात न्हाई. भाऊ न्हाई तर बाप न्यायला येतो, त्याला मूळ म्हणतात. ती किती का म्हातारी होईना. आलेलं मूळ रिकामं परतवणं म्हंजे माहेराच्या तोंडावर दार लावणं. किसन हा प्रयागचा धाकटा भाऊ, दर साल यायचा. त्या साली आला तर अंगणात लाल गाडी. त्यानं दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली आणि हसत म्हणला, "दाजी, तुमची ही डबी आमच्या चढाला दम तोडंल बरं."

बोरखेडीच्या अलीकडं चढ हाय, तो मला ठाऊक होता. किसनची ही मस्करी होती, मेव्हण्यानं करायची तशी. मी मिस्त्री माणूस. मला ती मस्करी लागली. मी म्हणलं, तू जा, तुझ्या बहिणीला मीच आणतो गाडीत, आठ दिवसांत. बघ कसा चढ चढतो. किसन म्हणला, दाजी, मूळ हाय, आज धाडा. मी म्हणलं, न्हाई. तो एकटा गेला.

त्या रात्री प्रयाग एवढंच म्हणली, "हाय तशी चला की. उतरून ढकलीन मी."

दुसऱ्या दिवशी मी चालतं इंजिन बाहेर काढलं.

मला चार सिलेंडरचं पाहिजे होतं, झेनचं. आमच्या हिशोबानं ते आठशेत बसतं. बसतं म्हणजे बसवावं लागतं. इंजिन ज्यांवर बसतं ते पाये नवे वेल्ड करावे लागतात, एक्सल जुळवावा लागतो, गिअरची दांडी वाकवावी लागते. आठ दिवस म्हणलो होतो. ठोकरलेल्या झेनचं इंजिन औरंगाबादेहून यायलाच चार महिने गेले. जुनं इंजिन शेजाऱ्यानं हळद पॉलिश करायच्या ढोलाला जोडलं, आणि तिथं ते रॉकेलवर इमानेइतबारे चाललं. सगळ्या गावाची हळद त्यानं घासून दिली. आमची गाडी मातर विटांवर.

पुढच्या पंचमीला किसन आला न्हाई. प्रयाग म्हणली, मी यष्टीनं जाऊन येते, बोलावलं न्हाई तरी भावाचंच घर हाय. मी म्हणलं, दारात गाडी असताना मिस्त्रीची बायको यष्टीत धक्के खात जाणार? लोक काय म्हणतील? तिनं पिशवी परत खुंटीला लावली.

ती गेली तवा किसन लुगडं घेऊन आला. माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाईला नेत न्हाईत. त्यानं लुगडं घातलं, खांदा दिला आणि घोटभर पाणी न पिता परत गेला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

गाडी मी आषाढात पुरी केली. एकट्यानं. किसनच्या दारात जाऊन त्याला खरं सांगायचं होतं, की चालती गाडी मीच उघडली होती. त्यानं तोंडावर थुंकलं तरी चालंल, पण हे त्याला माझ्याच तोंडून कळावं.

वसमत ते औंढा

श्रावण लागला आणि पंचमीच्या तीन दिवस आधी सकाळी निघालो. शेजारीण म्हणली, मिस्त्री, एकटेच? मी म्हणलं, दुसरं कोण हाय?

गाडी काय पळती म्हणून सांगू. एवढीशी पेटी आणि आत दीडपट ताकद. दुसऱ्या गिअरात पाय दाबला की पाठ सीटाला चिकटती. पुढं एक काळीपिवळी जीप होती, माणसं टपावर. मी भुर्रकन तिच्या बाजूनं गेलो, टपावरच्यांनी शिट्ट्या मारल्या. मला चांगलं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई चांगलं वाटलं. मग शेजारच्या सीटाकडं नजर गेली आणि पाय आपोआप वर आला. एवढ्या वेगाचं मला करायचं काय होतं?

अर्ध्या वाटेत खाली थेंब दिसले. वाकून बघितलं. प्रयागनं दाबलेली नळी कोरडी होती. गळत होता रेडिएटरचा खालचा डबा, जोडाला मीच वितळवून दिलेला झाळ सुटला होता.

आता वसमतच्या माणसाला रेडिएटर गळताना दिसला तर तो काय करतो? हळद टाकतो. ट्रॅक्टरला हजारदा टाकली हाय. चिमूटभर हळद पाण्याबरोबर फिरती आणि भोकात जाऊन बसती. पुढच्या गावात दुकानात गेलो, दुकानदारानं पाव किलोची पुडी दिली. मी चिमूट टाकली, थांबलं न्हाई. मूठ टाकली. मग वैतागून सगळी पुडी ओतली. गळती थांबली. मी आपली पाठ थोपटून घेतली.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या नळ्या बोटाएवढ्या असतात, मारुतीच्या गव्हाच्या काडीएवढ्या. चाळीस वर्षांच्या मिस्त्रीला हे ठाऊक नव्हतं असं न्हाई. घाई होती.

औंढ्याच्या अलीकडं डोंगर लागतात, सागाची झाडं, पावसानं सगळं हिरवंगार. तिथं गाडीनं आधी सुस्कारा टाकला आणि मग झाकण उडालं. पिवळी वाफ, पिवळं पाणी, सगळं बॉनेट पिवळं. प्रयागनं घासलेलं. वास असा की कुणाच्या घरी वरणाला फोडणी दिली.

ढकलत ढकलत देवळाच्या वाटेपर्यंत आणली. नागनाथाला श्रावणाची गर्दी, बेलाच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या. त्यातली एक मोठ्या तोंडाची, गाडी बघून हसायला लागली.

"अवं पाव्हणं, गाडीला हळद लागली की. नवरदेव कुठं ठेवला?"

"नवरदेव मीच," मी म्हणलं. "नवरी मेली."

  मला असंच बोलता येतं, पहिल्यापासून. थोड्या वेळानं तीच बाई उठून चहा घेऊन आली आणि बशीत ओतून समोर धरला. म्हणली, कवा? मी म्हणलं, फाल्गुनात. तिनं एक बेलाचं पान दिलं, देवाला वाहा म्हणली. देवाशी माझं तवा बोलणं बंद होतं. पान मी खिशात ठेवलं.

औंढ्याचा चहा आमच्यापेक्षा गोड. यात्रेकरू थकून येतो, त्याला साखर लागती, असं चहावाला म्हणला. मी धर्मशाळेत पडलो. सोबतीला परभणीकडचं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारी रागानं सांगत होती की ह्यांनी तीस वर्षं आणतो म्हणून आता आणलं, गुडघे गेल्यावर. म्हातारा म्हणला, आणलं का न्हाई? मी कूस बदलली.

हिंगोली

गार झाल्यावर नळाचं पाणी भरत, थांबत थांबत, हिंगोलीला पोचलो. मोंढ्याच्या, म्हंजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत रेडिएटरवाले हायेत. पांढऱ्या दाढीचे एक चाचा पत्र्याला झाळ देत बसले होते. मी गाडी समोर उभी केली. त्यांनी झाकण उघडलं, बोट आत घातलं, बोट बघितलं, वास घेतला.

"मिस्त्री, रेडिएटर में सालन पकाए क्या?"

आजूबाजूचे सगळे जमा झाले. मी सांगितलं, वसमतची हळद हाय, भेसळ न्हाई. चाचा म्हणले, वही तो दिख रा. मग त्यांनी इंजिन बघितलं आणि हसणं थांबलं. वाकून माझे वेल्ड बघितले, पाये बघितले, एक्सल बघितला. बराच वेळ. म्हणले, काम अच्छा करे. हात साफ है. पण तीन का कुर्ता चार को पहना दिए. रेडिएटर जुन्याच इंजिनाचा ठेवला मी, नवं इंजिन तेवढ्यानं थंड होणार कसं?

हे मला कोणी मिस्त्रीनं सांगायची गरज नव्हती. मोठा रेडिएटर बसवायला पुढचा पत्रा कापावा लागला असता, गाडीचं तोंड बदललं असतं, आणि मला तोंड जुनंच पाहिजे होतं. सगळी गाडी मी अशीच केली. जे दिसतं ते चकाचक.

चाचांनी दुपारभर नळ्या उलट्या धुतल्या. पिवळं पाणी गटारीतून वाहत गेलं. अर्ध्या नळ्या मोकळ्या झाल्या, अर्ध्या न्हाई. म्हणले, दोन दिवस दे, मोठा बसवून देतो, जिंदगीभर तकलीफ न्हाई. मी म्हणलं, दोन दिवस न्हाईत माझ्याकडं, परवा पंचमी हाय.

"किसको दिखाना है?" चाचांनी विचारलं.

मी पैसे मोजायला लागलो. त्यांनी मग रेडिएटरचा पंखा बराबर करून दिला आणि म्हणले, चढाला पाय हलका ठेवा.

दोन वर्षं मी सगळं बराबर होईपर्यंत थांबलो, तवा जायला पाहिजे होतं. आता थांबायला पाहिजे होतं तर मी निघालो. स्टेशनाजवळच्या खोलीत रात्र काढली आणि सकाळी सेनगावची वाट धरली.

बोरखेडीचा चढ

हिंगोली सोडली की बोली बदलती. आमी 'करतो' म्हणतो, हे 'करून राहिलो' म्हणतात. प्रयाग पस्तीस वर्षं वसमतला राहिली तरी रागात आली की तिच्या तोंडून तेच यायचं, "काहून बघून राहिले?" चौकशीला थांबलो तर एक बाई डोईवर गवत घेऊन म्हणली, "बोरखेडीला काहून जाऊन राहिले, पाव्हणं?" मला दोन मिनटं गाडी चालू करता आली न्हाई.

त्या दिवशी नागचतुर्थी. बायकांचा भावासाठी उपास. गावागावात झाडाला झोके, पोरी हातांवर मेंदी लावून बसलेल्या. आमच्याकडं आता पोरी टीव्हीसमोर असतात, इकडं अजून झोका चालू हाय. प्रयाग हा उपास दर साल करायची. किसन न आलेल्या सालीबी केला. मी विचारलं होतं, आला न्हाई तरी? तर म्हणली, त्याच्यासाठी करते, त्यानं येण्यासाठी न्हाई.

सपाटीला गाडी वाऱ्यासारखी आली. मग चढ दिसला. खडीचा रस्ता, वर वडाचं झाड. मी पहिल्या गिअरात टाकली, पाय हलका ठेवला. निम्मा चढ गेला. काटा लाल झाला. मी म्हणलं, बाई, एवढा ने. दोन हात वर गेली असंल, आणि खालून तोच सुस्कारा. झाकण उडालं न्हाई, चाचांनी घट्ट लावलं होतं. पण इंजिन बंद पडलं ते पडलंच.

मी मागच्या चाकाला दगड लावला आणि बसलो. दोन वर्षं आणि एक बायको घालवून मी जिथवर आलो होतो, तिथून किसनचं घर दिसत होतं.

वरच्या शेतातून बैल घेऊन एक माणूस येत होता. जवळ आला तवा कळलं की किसनच हाय. पाच महिन्यांत वाळला होता. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं. मला वाटलं आता म्हणंल, डबीनं दम तोडला. म्हणला असता तर बरं झालं असतं. तो गेला, नाडा घेऊन आला, बंपरखाली वाकला, बांधला, जू चढवलं.

"दाजी, स्टेरिंग सरळ धरा," एवढंच म्हणला.

मी आत बसलो आणि बैलांनी मला वर नेलं. चार सिलेंडर. गावातली पोरंटोरं मागं पळत होती. किसन एकदाबी मागं वळला न्हाई. त्याच्या बैलांना त्यानं ओरडून हाकललंबी न्हाई, नुसता पाठीवर हात ठेवून चालला.

अंगणात गाडी उभी राहिली. किसनची बायको रुक्मिण बाहेर आली. तिनं पायावर पाणी दिलं. गाडीत वाकून मागचं सीट बघितलं, जसं तिथं कोणी असंल. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

दिवस मावळायच्या आधी आमी दोघं ओट्यावर बसलो. रुक्मिणचा उपास, तिनं आमाला भाकरी, वरण आणि लसणाची चटणी वाढली. इकडं वरणात हळद कमी घालतात. मी जेवलो न्हाई, हात धुतले.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणलं.

"आधी मी सांगतो," किसन म्हणला. तो खाली बघत होता. "मी डबी म्हणलो नसतो, तर आक्का आली असती. माझ्या तोंडानं झालं. तिच्या मयतीला मला तुमच्या घरचं पाणी गिळलं न्हाई, ते यासाठी. तुमच्यावर राग नव्हता."

पाच महिने मी समजत होतो की हा माझ्यावर थुंकून गेला. आणि हा इकडं स्वतःलाच खात बसला होता. गप राहिलो असतो तरी चाललं असतं. त्याला जड झालं असतं, मला हलकं. कबूल करतो, एक घटकाभर मनात आलंबी.

"तुझ्या तोंडानं काही झालं न्हाई," मी म्हणलं. "तू आलास तवा गाडी चालू होती. तुझ्या आक्कानं म्हणलं हाय तशी चला, उतरून ढकलीन. मी चालतं इंजिन काढलं. दुसऱ्या साली ती यष्टीनं निघाली होती, पिशवी भरून. मी लोक काय म्हणतील म्हणून थांबवली. हे तुला सांगायला आलो."

किसननं वर बघितलं. 

"हे सांगायला गाडी लागली व्हय, दाजी? वसमतला पोस्टाचं कार्ड मिळत न्हाई?"

 तो उठला, गोठ्याकडं गेला, बैलांसमोर उभा राहिला. परत आला तवा डोळे पुसलेले होते. माफ केलं असं तो म्हणला न्हाई आणि मी मागितलंबी न्हाई. मला ते शब्द येत न्हाईत. त्यानं माझ्या ताटातली भाकर परत माझ्यापुढं सरकवली. म्हणला, खा, दिवसभराचे उपाशी असाल.

मी खाल्ली. खाताना लक्षात आलं की घरात गडबड न्हाई. उद्या पंचमी, आणि लाह्या फोडलेल्या न्हाईत, भिंतीवर नाग काढलेला न्हाई. किसनला एक लेक, अनिता, दोन वर्षांमागं लग्न करून दिलेली. मी विचारलं, पोरगी कुठाय? आली न्हाई का?

"यंदा मूळ न्हाई धाडलं," किसन म्हणला. "आक्का न्हाई, तर पंचमी कशाची?"

आतून रुक्मिण दारात आली. दिवसभर उपाशी बाई, आवाज चढला होता. "आक्काचं नाव काहून घेऊन राहिले? आक्का गेली. पोरगी जित्ती हाय, आन् दारात बसून वाट बघून राहिली असंल. दोघंबी एकाच मातीचे. एकानं बायकोला धाडलं न्हाई, एकानं लेकीला आणलं न्हाई. आन् दोघं बसून रडून राहिले."

  तिनं ताटं उचलली आणि आत गेली.

पंचमी

पहाटे किसन उठायच्या आधी मी आंघोळ केली. रुक्मिण चुलीपाशी होती. मी विचारलं, अनिताचं गाव कुठल्या वाटेला? तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, फाट्यावरून सातची यष्टी, तिसरा थांबा. "पण तुमची गाडी?"

मी म्हणलं, राहू दे तिथंच.

चढ पायी उतरलो. यष्टी भरलेली होती, सगळ्या माहेरवाशिणी, त्यांचे भाऊ, लेकरं, पिशव्या. मी दांड्याला धरून उभा राहिलो. एका पोरीनं जागा देऊ केली, मी घेतली न्हाई.

तिसऱ्या थांब्यावर उतरून विचारत गेलो. अंगणात सडा झालेला होता. अनिताचा सासरा खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. मला वळखलं न्हाई त्यानं. मी म्हणलं, मी अनिताचा मामा, तिच्या आत्याचा मालक, वसमतचा. बोरखेडीचं मूळ घेऊन आलो, उशीर झाला, चूक आमची हाय.

अनिता हातात झाडू घेऊन दारात आली. ती मला बघतच राहिली.

"मामा? तुमी? गाडीत आले?"

"गाडी न्हाई," मी म्हणलं. "यष्टी हाय. अर्ध्या तासानं परत येती. पिशवी भर."

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. पिशवी भरलेलीच होती.